ओढ्याकाठचें एक गांव

जर्मनी म्हटलें कीं बर्लिन, हॅम्बुर्ग अशीं मोठालीं नगरें आपल्या डोळ्यांपुढें येतात. परंतु त्या देशाच्या इतिहासांतील एक मोठा धडा आम्हांस एका लहानशा खेड्यांत सांपडतो. त्याचें नांव म्योडलारॉइट. होफ शहराच्या उत्तरेस, शेतें, कुरणें व रानें यांनीं वेढलेल्या या गांवांत जेमतेम पन्नास माणसें राहतात. गांवाच्या मधून टानबाख नांवाचा अरुंद ओढा वाहतो.

इ. स. १८१० मध्यें या ओढ्याच्या कडेनें सीमेचे दगड बसविण्यांत आले. दक्षिणेकडील घरें बव्हेरियाच्या राज्यांत राहिलीं, उत्तरेकडील रॉइसच्या संस्थानांत. रॉइस पुढें १९२० सालीं थुरिंगिया प्रांतांत सामील झालें. परंतु त्यामुळें गांवकऱ्यांचें कांहींच अडलें नाहीं. शाळा व खानावळ थुरिंगियाच्या बाजूस होती. उपासनेसाठीं लोक बव्हेरियांतील ट्योपेन गांवीं जात.

१९४५ सालीं दुसरें महायुद्ध संपल्यावर विजेत्या राष्ट्रांनीं जर्मनीची वांटणी केली, ती येथें याच जुन्या सीमेवरून. थुरिंगिया रशियाच्या ताब्यांत गेला व बव्हेरिया अमेरिकेच्या. १९४९ सालीं दोन निराळीं राष्ट्रें झालीं आणि सीमा ओढ्यावरच राहिली. १९५२ मध्यें तेथें फळ्यांचें उंच कुंपण आलें. १९६६ मध्यें सुमारें ७०० मीटर लांब व ३ मीटरांहून उंच अशी काँक्रीटची भिंत उभी राहिली. उत्तरेकडील माणसानें पलीकडच्या आप्तास पाहून हात हालविणें, हेंही निषिद्ध ठरलें! बाहेरगांवच्या पाहुण्यास तिकडे यावयाचें तर परवाना लागे.

९ नोव्हेंबर १९८९ रोजीं बर्लिनची भिंत खुली झाली. त्यानंतर बरोबर एका महिन्यानें, ९ डिसेंबर रोजीं, येथेंही पायीं जाण्यापुरती वाट मोकळी झाली. १७ जून १९९० रोजीं भिंत पाडण्यास आरंभ झाला. तिचा कांहीं भाग मात्र पुढील पिढ्यांनीं पाहावा म्हणून राखून ठेवला असून तेथें संग्रहालय आहे.

विद्यार्थिमित्रहो, ती सीमा आजही पुसलेली नाहीं. एकाच गांवाचे दोन भाग दोन प्रांतांत मोडतात. दोहोंचा नगराध्यक्ष निराळा, टपालाचा क्रमांकही निराळा. तरी आतां कोणाचें कांहीं अडत नाहीं. यावरून आम्हांस असें वाटतें कीं, शेजाऱ्यांमध्यें रेघ असण्यानें बिघडत नाहीं; ती ओलांडून एकमेकांकडे जाण्याची बंदी झाली, म्हणजे एका उडीचें अंतर चाळीस वर्षांचें होतें.