कॅप्सूलमध्ये मावते किती?

गुळवेल कडूजहर. म्हणून नाशिकच्या काष्ठौषधीच्या दुकानातून कांड्या आणायच्या, दळायच्या आणि चूर्ण रिकाम्या कॅप्सूलमध्ये भरायचे, हा विचार मनात येणे साहजिक आहे. पण आधी मापाचे पाहू.

शून्य नंबरच्या कॅप्सूलमध्ये ०.६८ मिलिलिटर जागा असते. वनस्पतीचे चूर्ण हलके, हवा धरून बसणारे. त्यामुळे आत जेमतेम साडेतीनशे मिलिग्रॅम जाते. गुळवेलीच्या चूर्णाची मात्रा मात्र ३ ते ६ ग्रॅम सांगितलेली आहे. म्हणजे किमान आठ-नऊ कॅप्सूल! बाजारातल्या कॅप्सूलमध्ये बऱ्याचदा आटवलेला अर्क असतो, म्हणून तिथे एक-दोन पुरतात. तो हिशेब घरच्या चूर्णाला लावू नये.

चूर्ण वस्त्रगाळ हवे. भोकांच्या ट्रेमध्ये कॅप्सूलचे खालचे भाग उभे करायचे, वर चूर्ण पसरायचे, ट्रे हलकेच आपटायचा, पुन्हा पसरायचे. आपटणे कमी-जास्त झाले की वजन बदलते. त्यामुळे भरलेल्या दहा कॅप्सूल बारीक काट्यावर तोलून बघाव्यात आणि रिकाम्या दहांचे वजन वजा करावे. नेहमीच्या कॅप्सूल जिलेटिनच्या असतात, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून बनते. शाकाहारी घरांसाठी सेल्युलोजपासून केलेल्या कॅप्सूल मिळतात. चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांत उतरते, असे शार्ङ्गधर संहिता सांगते, आणि पावसाळ्यात तर ते ओल धरून गोळाही होते. तेव्हा थोडेच भरावे.

माझी खरी काळजी मात्र वेगळी आहे. २०२०च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. घेतलेली वनस्पती तपासलीच नव्हती, ती टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. क्रिस्पा ही आपल्या गुळवेलीची, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाची, सारखीच दिसणारी बहीण. तिच्या खोडावर फोडांसारख्या गाठी दाट असतात. पूड झाली की ही खूण संपते, आणि कॅप्सूलमध्ये चव-वासही झाकला जातो. म्हणून कांडी अख्खी असतानाच नाशिकच्या गणेशवाडीतल्या आयुर्वेद महाविद्यालयातल्या किंवा आपल्या ओळखीच्या वैद्यांना दाखवावी. यकृताचा किंवा ऑटोइम्यून आजार असेल, मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, पोटात बाळ असेल, तर त्यांना विचारल्याशिवाय एकही कॅप्सूल घेऊ नये.

घ्यायची झालीच, तर ताठ बसून, पेलाभर पाण्याबरोबर. घोटभर पाण्याने ती अन्ननलिकेत चिकटून बसते.