एक्स्प्लेनर : फौजी कुटुंबाचा फोन उचलणारा माणूस कसा घडतो? एम.ए. सायकॉलॉजी पुरेसं आहे का?

नवरा सीमेवर, मुलं शाळेत, सासूबाईंचं आजारपण आणि वर बदलीची टांगती तलवार. फौजीच्या घरात झोप उडायला एवढं पुरतं. अशा घरांसाठी आणि खुद्द जवानांसाठी पुण्याच्या ‘एएफएमसी’मध्ये १ डिसेंबर २०२३ रोजी टेलि-मानसचा खास कक्ष सुरू झाला.

टेलि-मानस ही केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली. पहिला फोन प्रशिक्षित समुपदेशक घेतो. प्रकरण गंभीर वाटलं तर ते मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जातं.

घोळ कुठे होतो?

एम.ए. सायकॉलॉजी झालं की दारावर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी लावता येते, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) नोंदणी लागते आणि नोंदणीसाठी परिषदेने मान्य केलेला कोर्स. आजवरचा ठरलेला मार्ग होता दोन वर्षांचं एम.फिल. पण नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद झालं. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोनच विषयांना ‘यूजीसी’ने २०२५-२६ पर्यंत मुदत दिली. त्यामुळे फी भरण्याआधी कोर्सला मान्यता आहे का, हे आरसीआयच्या संकेतस्थळावर पाहाच. वीकेंडला मिळणाऱ्या ‘काउन्सेलिंग सर्टिफिकेट’वर ही नोंदणी होत नाही, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

दुसरी वाट समाजकार्याची. मुंबईच्या ‘टिस’मध्ये मानसिक आरोग्य हा विषय घेऊन एम.ए. करता येतं. २०२१ च्या अलाइड हेल्थकेअर कायद्याने सायकियाट्रिक सोशल वर्करला आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत जागा दिली आहे.

पोलिसांशी काय संबंध?

बराच. रस्त्यावर भटकणारा मनोरुग्ण दिसला तर त्याला संरक्षण देऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात तपासणीसाठी न्यायचं, ही मानसिक आरोग्य कायदा २०१७ नुसार पोलिसांची जबाबदारी. कोठडीत डांबायला मनाई आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती, असंच हा कायदा धरून चालतो. ठाण्यातल्या हवालदाराला हे कुणीतरी शिकवावं लागतं, आणि त्या नातेवाइकांशी बोलावंही लागतं. ते काम याच शिक्षणातून आलेल्या माणसाला जमतं.

टेलि-मानसचा क्रमांक १४४१६, चोवीस तास. मराठीतूनही बोलता येतं.