तेरा टोल्यांची बाग

वास्तवाचे नियम एखाद्या ठिकाणी शिथिल करून जीवनातील सत्य अधिक स्पष्टपणे दाखवणाऱ्या कथेला अद्भुतिका म्हणतात, आणि बालपण, स्मृती व वाढते वय यांचे नाते उलगडणाऱ्या ब्रिटिश अद्भुतिकांमध्ये फिलिपा पिअर्स यांच्या ‘टॉम्स मिडनाइट गार्डन’ (१९५८) या कादंबरीचे स्थान फार वरचे आहे. केंब्रिजशायरमधील ग्रेट शेल्फर्ड गावी, वडिलांच्या पिठाच्या गिरणीलगतच्या ज्या घरात पिअर्स वाढल्या, तेथील बागच या कथेत उतरली आहे.

भावाला गोवर आल्यामुळे टॉमला नातेवाइकांकडे धाडले जाते. त्यांच्या जुन्या, प्रशस्त घराची आता बिऱ्हाडांत वाटणी झाली असून मागे अरुंद अंगण तेवढे उरले आहे. परंतु रात्री लंबकाचे घड्याळ तेरा टोले देते, तेव्हा मागच्या दारापलीकडे व्हिक्टोरिया राणीच्या काळातील, म्हणजे एकोणिसाव्या शतकातील, विस्तीर्ण बाग उभी असते. तेथे भेटणारी अनाथ हॅटी वयाने वाढत जाते, टॉम मात्र तेवढाच राहतो, आणि ती तरुण होऊ लागते तसतसा तो तिला अंधुक दिसू लागतो. हॅटीने वचन पाळून फळीखाली ठेवलेले बर्फावर घसरण्याचे बूट टॉमला स्वतःच्या काळात सापडतात आणि गोठलेल्या नदीवरून ईली नगराकडे जाताना तोच एक जोड एकाच वेळी दोघांच्याही पायांत असतो.

भूत, वर्तमान व भविष्य एकत्रच नांदतात आणि स्वप्नात मन त्यांतून संचार करते, या जे. डब्ल्यू. डन यांनी १९२७ साली मांडलेल्या उपपत्तीचा आधार पिअर्स यांनी घेतला होता. माडीवर राहणारी वृद्ध घरमालकीण हीच हॅटी असून टॉम रात्रीमागून रात्री तिच्या बालपणाच्या स्वप्नांत वावरत होता, हे अखेरीस कळते, तेव्हा त्या उपपत्तीला मानवी अर्थ लाभतो: माणूस मोठा होतो म्हणून त्याच्यातील मूल नाहीसे होत नाही, आणि ते ओळखणारा कोणी भेटला की वयातील अंतर गळून पडते.

उत्कृष्ट बालपुस्तकासाठी ब्रिटनमध्ये दिले जाणारे कार्नेगी पदक या कादंबरीला मिळाले, आणि २००७ साली त्या पदकाच्या सत्तरीनिमित्त झालेल्या जनमतचाचणीत पदकविजेत्या पुस्तकांमध्ये तिला दुसरे स्थान लाभले. ज्या घरात नातवंडे आणि आजी-आजोबा दोन्ही आहेत, त्या घरात ही कादंबरी सर्वांनी मिळून वाचावी.