मनाचीं चार कार्यें

एकाच घरांत, एकाच पंक्तीला जेवून वाढलेल्या दोन भावांचे स्वभाव इतके भिन्न कां, हा प्रश्न प्रत्येक वडीलधाऱ्या माणसास कधीं ना कधीं पडतोच. स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग (१८७५–१९६१) यांनीं या प्रश्नाचा पद्धतशीर विचार करून १९२१ सालीं स्वभावप्रकारांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला.

युंग यांच्या मतें मनाचीं कार्यें चार. वस्तु आहे, हें संवेदना सांगते. ती काय आहे, हें विचार सांगतो. तिचें आपणांस मोल काय, हें भावना ठरविते. आणि ती कोठून आली व कोठें जाणार, याची चाहूल अंतःस्फूर्तीस लागते. येथें भावना म्हणजे रडणें वा संतापणें नव्हे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. मोल ठरविणें हाहि एक निवाडाच. म्हणून विचार व भावना या दोहोंनाहि युंग विवेकाधीन मानतात. संवेदना व अंतःस्फूर्ति निवाडा करीत नाहींत, केवळ ग्रहण करतात.

हीं चारहि कार्यें प्रत्येकांत असतात. मात्र एक प्रधान होतें, आणि त्याच्या विरुद्धचें अविकसित राहतें. विचार प्रधान, तर भावना मागें. त्यांत मनाचा ओढा अंतर्मुख कीं बहिर्मुख, हा भेद मिळविला म्हणजे आठ प्रकार होतात.

पुढें अमेरिकेंत कॅथरीन ब्रिग्ज व त्यांच्या कन्या इझाबेल मायर्स यांनीं या विचारावर प्रश्नावली रचून सोळा प्रकार पाडले. तिचा प्रसार आज फार आहे; परंतु कांहीं आठवड्यांनीं तीच प्रश्नावली पुन्हां भरली असतां अनेकांचा प्रकार बदलतो, आणि पुष्कळ माणसें दोन टोकांच्या मध्येंच आढळतात. यास्तव अनेक मानसशास्त्रज्ञ तिच्यावर भरंवसा ठेवीत नाहींत.

तेव्हां या विद्येचा उपयोग मुलाच्या कपाळीं शिक्का मारण्याकडे करूं नये. गणितांत तरबेज असलेला मुलगा आजारी आजीजवळ बसावयास कचरतो. त्याला लागलीच पाषाणहृदयी ठरविलें, तर तें वाक्य तो जन्मभर उराशीं बाळगील. त्याची भावना मेलेली नाहीं, ती मागें राहिली आहे. त्याला औषधाच्या वेळा सांभाळण्याचें काम द्यावें. हिशेबाच्या ओळखीच्या वाटेनें तो आजीच्या उशाशीं पोंचेल, आणि कांहीं दिवसांनीं औषधाची वेळ नसतांहि तेथें बसूं लागेल.