पुस्तकं मागे राहिली

डेव्हिड टर्नर ऑक्टोबर 2023 मध्ये गेले. हास्केल ही प्रोग्रामिंग भाषा शिकणाऱ्या नव्या मुलांना हे नाव ठाऊक नसतं, पण टर्नर यांच्या मिरांडा या भाषेशिवाय हास्केल आज आहे तशी झाली नसती. मिरांडा खासगी मालकीची होती. 1987 साली पोर्टलंडच्या परिषदेत जमलेल्या संशोधकांना मात्र सगळ्यांसाठी खुली भाषा हवी होती. टर्नर यांनी या कामासाठी मिरांडा द्यायला नकार दिला आणि 1990 साली हास्केलचा पहिला अहवाल निघाला. पुढची अठराएक वर्षं समित्यांची आणि शोधनिबंधांची. विद्यापीठाबाहेरच्या प्रोग्रामरच्या हाती त्यातलं फार थोडं लागलं.

आमच्या हाती जे लागलं ते 2008 च्या अखेरीस: ‘रिअल वर्ल्ड हास्केल’ हे पुस्तक. फाइली, डेटाबेस, नेटवर्क, अगदी फोटोतला बारकोड वाचणं! दिवसभर जावा लिहून पोट भरणाऱ्याला त्यात आपलं रोजचं काम दिसलं. 2009 मध्ये कंपायलर आणि निवडक लायब्रऱ्या एकत्र देणारा हास्केल प्लॅटफॉर्म आला. 2011 मध्ये मिरान लिपोवाचा या स्लोव्हेनियन तरुणाचं चित्रांनी भरलेलं ‘लर्न यू अ हास्केल’ छापून आलं. दोन्ही पुस्तकं नेटवर फुकट वाचता यायची. पुण्यात पहिल्या नोकरीच्या पगारात परदेशी पुस्तक परवडत नसे, तेव्हा याचं मोल मोठं होतं. हास्केलमध्ये एखादं मूल्य कदाचित नसेल हे टाइपमध्येच लिहायचं आणि ती शक्यता हाताळल्याशिवाय आत हात घालता येत नाही, हे कळलं त्या रात्री मला झोप आली नव्हती. ऑफिसात वरिष्ठ म्हणायचे, हे प्राध्यापकांचं खेळणं आहे. मार्च 2014 मध्ये हास्केलसारख्या भाषांतले लॅम्ब्डा जावा 8 मध्ये आले, तेव्हा तीच माणसं त्याचं प्रशिक्षण देत फिरली.

मार्च 2015 मध्ये हास्केलच्या जीएचसी या कंपायलरची 7.10 ही आवृत्ती आली. मोनॅड या टाइपवर्गात बसणारा प्रत्येक टाइप आधी ॲप्लिकेटिव्ह या व्यापक वर्गात बसलाच पाहिजे, असा नियम झाला. गणिताच्या दृष्टीने तो बिनचूक आहे, हे मी तेव्हाही मानत होतो. पण दोन्ही पुस्तकांतले हाताने रचलेले मोनॅड त्या दिवसापासून कंपाइल होईनात. दोन घटकांच्या टपलची लांबी विचारली की पूर्वी कंपायलर अडवायचा. त्याच आवृत्तीपासून उत्तर येतं 1. नवख्याला हे कसं समजावायचं? पुढच्याच महिन्यात पॉल ह्युडॅक गेले. भाषा घडवणाऱ्यांतले ते एक, आणि ती शिकवायला त्यांनी पुस्तकही लिहिलं. त्याच वर्षी पॅकेजं बांधायचं स्टॅक हे नवं साधन आलं आणि जुनं कबाल की नवं स्टॅक या भांडणात कितीतरी चांगली माणसं शिणली. 2018 मध्ये मोनॉइड या टाइपवर्गावरही तसाच नियम आला आणि पुन्हा तेच. भाषा सुधारणाऱ्यांनी भाषा खरोखर सुधारली, आणि तिच्याकडे येणारा रस्ता उखडून ठेवला. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

रस्ट या भाषेची 1.0 आवृत्तीसुद्धा 2015 मधलीच. त्यातले ऑप्शन, ट्रेट, पॅटर्न मॅचिंग आमच्याच घराण्यातून गेलेले. पण रस्टच्या अधिकृत पुस्तकातली उदाहरणं कंपायलरवर तपासून घेतली जातात, आणि बदल नव्या ‘एडिशन’मध्ये येतात तेव्हा जुन्या एडिशनचा कोड चालत राहतो. माणसं तिकडे गेली, यात मला नवल वाटत नाही.

ग्रॅहम हटन यांनी 2016 मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकाची दुसरी आवृत्ती काढून नवे नियम सांभाळले. लिपोवाचांच्या पुस्तकातला कोड स्वयंसेवकांनी दुरुस्त करून ठेवला आहे. प्लॅटफॉर्म बंद झाला, त्याची जागा जीएचसीअप या इन्स्टॉलरने घेतली आणि तो चांगला चालतो. ‘रिअल वर्ल्ड हास्केल’ची दुसरी आवृत्ती मात्र निघालीच नाही. आजची मुलं एआयला विचारतात. उत्तरात 2011 चा आणि आजचा कोड एकाच फाइलीत येतो, आणि त्यातला जुना कुठला हे ओळखायला त्यांच्याकडे पुस्तक नसतं. पुढच्या बदलाचा प्रस्ताव मांडणाऱ्याने त्या बदलामुळे मोडणारी पुस्तकांतली पानं आधी दुरुस्त करून द्यावीत, मग मंजुरी मागावी.