गॅलरीला काचेचा कठडा बसवताना

आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे आज चाळीतून, बैठ्या वस्तीतून फ्लॅटमध्ये जात आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाण्याचा तो आनंद होता. ठाणे, कल्याण, पिंपरी, नागपूर येथेही आपले बांधव बँकेचे कर्ज काढून, भविष्य निर्वाह निधीतून रक्कम उचलून घरे घेत आहेत. घर ताब्यात आले की सजवण्याची घाई सुरू होते आणि त्यात हल्ली एक हौस सर्रास दिसते. बिल्डरने दिलेला लोखंडी गजांचा किंवा विटांचा कठडा काढायचा आणि त्या जागी काचेचा बसवायचा.

हौसेला माझा विरोध नाही. बीडीडी चाळीत मधल्या अंधाऱ्या पॅसेजच्या दोन्ही बाजूंना खोल्या. तिथे ज्याचे बालपण गेले, त्याला स्वतःच्या घरातून आभाळ दिसावेसे वाटले तर त्यात गैर काय आहे? परंतु कठड्याचे पहिले काम उजेड देणे हे नव्हे, माणसाला खाली पडू न देणे हे आहे. काच आज ना उद्या फुटू शकते असे धरूनच तिची निवड केली पाहिजे. ‘ती फुटली त्या क्षणी काय होईल?’ एवढा एक प्रश्न दुकानदाराला विचारावा आणि त्याचे नीट उत्तर मिळाल्याशिवाय एक रुपयाही ॲडव्हान्स देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खिडकीची साधी काच कठड्याला चालत नाही, हे सांगायची गरज पडू नये. ती फुटली तर सुरीसारखे लांब तुकडे होतात. बाजारात दुकानदार ‘टफन’ काच दाखवतो. साध्या काचेला भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतांनी एकदम थंड करतात. त्यामुळे बाहेरचा थर आवळला जातो, आतला ताणलेला राहतो, आणि काच त्याच जाडीच्या साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत होते. फुटली तर साखरेच्या खड्यांसारखा चुरा होतो, त्यामुळे जखम कमी होते. इथपर्यंत दुकानदार खरेच सांगत असतो.

तो सांगत नाही ते पुढचे. टफन काच फुटते तेव्हा सगळीच्या सगळी फुटते. एका क्षणी कठडा आहे, दुसऱ्या क्षणी नाही. तिच्यावर रेललेले मूल कुठे जाईल? शिवाय ती कोणी हात न लावताही फुटू शकते. काच तयार होताना तिच्यात निकेल सल्फाइडचे डोळ्यांना न दिसणारे कण राहून जातात. ते पुढे महिन्यांनी, वर्षांनी फुगतात आणि एखाद्या शांत दुपारी काच आपोआप उडते. २०११ च्या उन्हाळ्यात कॅनडातील टोरांटो शहरात नव्याने बांधलेल्या उंच इमारतींच्या गॅलऱ्यांच्या काचा अशाच एकामागून एक फुटून रस्त्यावर पडू लागल्या. फुटपाथ बंद करावे लागले. पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, तेथील ऑन्टारिओ प्रांताने गॅलरीच्या काचांसाठी बांधकामाचे नियम बदलले आणि ठिकठिकाणी लॅमिनेटेड काच सक्तीची केली.

ही लॅमिनेटेड काचच आपण मागायची. दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी नावाच्या चिवट प्लास्टिकचा पारदर्शक थर घालून त्या दाबाने चिकटवलेल्या असतात. मोटारीची पुढची काच अशीच असते, दगड लागला तर तडे जातात पण काच जागेवर राहते. एक काच फुटली तरी दुसरी उभी असते आणि तुकडे थराला चिकटून राहतात. खाली रस्त्याने चाललेल्या माणसाच्या डोक्यावर काही पडत नाही. टफन केलेल्या दोन ६ मिलिमीटरच्या काचा आणि मध्ये १.५२ मिलिमीटरचा थर अशी बांधणी घरगुती गॅलरीत बरीच पाहायला मिळते. गाळा रुंद असेल, मजला उंच असेल किंवा काचेला खांबाचा आधार नसेल तर जाडी वाढवावी लागते. ती इंजिनियरने हिशेब करून सांगावी, फिटरच्या अंदाजाने ठरवू नये.

यातही एक मेख आहे. टफन काचा दोन्ही एकाच वेळी फुटल्या तर मधला पातळ थर ओल्या गोधडीसारखा वाकून लोंबतो. म्हणून काचेच्या वरच्या काठावर स्टीलची सलग पट्टी किंवा पाइप हवाच आणि तो दोन्ही टोकांना भिंतीत घट्ट बसवलेला हवा. जाहिरातीच्या चित्रात नुसती काच दिसते, वर काहीच नाही. चित्रात ते छान दिसते. पण चौदा एप्रिलला खालून मिरवणूक जाते तेव्हा आपल्या गॅलरीत आठ-दहा माणसे दाटीवाटीने उभी असतात आणि सगळ्यांचा भार पुढच्या बाजूला असतो, हे जाहिरात काढणाऱ्याला कसे ठाऊक असणार! वरचा पाइप हातालाही आधार देतो. म्हाताऱ्या माणसाला काचेच्या धारेवर हात ठेवून उभे राहता येत नाही.

फसवणूक कशी टाळायची? भारतीय मानक २५५३ चा पहिला भाग इमारतीतील सुरक्षा काचेसाठी आहे. चांगल्या काचेच्या कोपऱ्यात कारखान्याचे नाव आणि आयएसआय खूण पक्की उमटवलेली असते, खरवडून जात नाही. कागदी चिकटपट्टीवर विश्वास ठेवू नये. आणखी एक सोपी परीक्षा आहे. पोलराइज्ड गॉगल घालून उन्हात काचेकडे तिरके पाहिले तर टफन काचेत फिकट डाग किंवा पट्टे दिसतात, साध्या काचेत दिसत नाहीत. लॅमिनेटेड आहे की नाही ते कडेने पाहिले की कळते, दोन काचांमधली रेघ स्पष्ट असते. ‘हीट सोक’ केलेली आहे का, हेही विचारावे. या प्रक्रियेत तयार काच पुन्हा काही तास तापवतात, म्हणजे ज्या आपोआप फुटायच्या त्यांतील बहुतेक कारखान्यातच फुटतात.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, ज्याकडे कोणाचेच लक्ष नसते. काच कशात रोवली आहे? दहा फूट लांब, साडेतीन फूट उंच कठडा म्हणजे ३५ चौरस फूट काच. काचेचे वजन दर मिलिमीटर जाडीला एका चौरस मीटरमागे अडीच किलो, तेव्हा १२ मिलिमीटर जाडीची ही काच सुमारे ९७ किलो भरते. विटांच्या कठड्यापेक्षा हे वजन कमीच आहे, वजनाची भीती नाही. भीती आहे ती तरफेची. माणूस वरच्या काठाशी ५० किलोचा जोर देतो, आणि खाली काच धरून ठेवणारी पकड जेमतेम चार इंच खोल असते. त्या पकडीवर आणि तिच्या बोल्टांवर पाचशे किलोच्या घरात ताण येतो. ते बोल्ट विटेत किंवा नुसत्या प्लास्टरमध्ये मारलेले असतील तर काच कितीही उत्तम असो, ती मुळासकट बाहेर येईल. पकड काँक्रीटमध्येच हवी.

काँक्रीटमध्येही कुठेही भोक पाडून चालत नाही. आपल्याकडची पुष्कळशी गॅलरी म्हणजे घराच्या स्लॅबमधून बाहेर काढलेला आधाराशिवायचा भाग असतो. अशा स्लॅबमध्ये भार पेलणाऱ्या मुख्य सळया वरच्या अंगाला, फरशीच्या खालीच असतात. फिटर वरून ड्रिल चालवतो तेव्हा त्या सळया कापल्या जाण्याचा धोका असतो. कडेच्या अगदी जवळ भोक घेतले तर काँक्रीटचा कोपरा उडतो. भोकातून पावसाचे पाणी मुरते, सळया गंजतात, काही वर्षांनी खालच्या शेजाऱ्याच्या छताला पोपडे धरतात आणि भांडणे सोसायटीच्या सभेत येतात. म्हणून आधी सळया कुठे आहेत ते यंत्राने तपासून घ्यावे, बोल्ट रासायनिक चिकटद्रव्यात बसवावेत आणि वॉटरप्रूफिंग पुन्हा करून घ्यावे. इमारत तीस-चाळीस वर्षांची असेल आणि स्लॅबच्या सळया आधीच दिसू लागल्या असतील, तर काचेचा नाद सोडून द्यावा. सुटी गोल पकड चार ठिकाणी लावण्यापेक्षा सलग यू-चॅनेल किंवा स्टीलचे खांब मला अधिक भरवशाचे वाटतात.

स्टीलचेही दोन दर्जे आहेत. ३०४ आणि ३१६. वरळी, माहीम, वसई, अलिबाग, रत्नागिरी अशा खाऱ्या हवेत ३१६ घ्यावे, त्यात मोलिब्डेनम असल्याने ते मिठाला जास्त दाद देत नाही. नागपूर-औरंगाबादकडे (आता छत्रपती संभाजीनगर) ३०४ पुरते.

उंची एक मीटरपेक्षा कमी नको. साडेतीन फूट धरावी. पण ती मोजायची कुठून? अनेक घरांत दीड फुटाची विटांची बुटकी भिंत ठेवून तिच्यावर दोन फूट काच लावतात आणि साडेतीन फूट झाले म्हणतात. मूल त्या बुटक्या भिंतीवर सहज चढते. मग त्याच्यासमोर उरतो तो दोन फुटांचाच कठडा. मूल जिथे पाय ठेवू शकते तिथून मोजावे. कठड्याला लागून खुर्ची, कुंडी, पाण्याचा पिंप ठेवू नये. काचेच्या खाली आणि दोन काचांच्या मध्ये फट कमीत कमी असावी, चार इंच तर कधीच नको. खाली फट असेल तर गोटी, चमचा, बत्ता असे काहीही घरंगळून बाराव्या मजल्यावरून खाली जाते.

आमच्या भगिनींची एक तक्रार फार रास्त आहे. पारदर्शक काच लागली की गॅलरीत पाय मोकळे करून बसता येत नाही. भाजी निवडायला खाली बसावे तर समोरच्या इमारतीतून सगळे दिसते. गॅलरी घरातली, पण वावरायचे मात्र रस्त्यावर असल्यासारखे! ज्या घरात खाली बसण्याची रीत आहे तिथे मधला थर दुधी रंगाचा असलेली लॅमिनेटेड काच घ्यावी. उजेड येतो, आडोसाही राहतो. वाळू मारून धूसर केलेली काच मात्र टाळावी, तिच्यावर तेलकट बोटांचे डाग धरतात आणि निघत नाहीत. दुसरी गोष्ट वाऱ्याची. गजांमधून वारा आत येतो, काचेमधून येत नाही. खाली बसणाऱ्याला उन्हाळ्यात ते जाणवते. आणि तोच वारा वादळात सगळा काचेवर आदळतो. भारतीय मानक ८७५ मध्ये मुंबईसाठी वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरलेला आहे. पुण्यासाठी ३९ मीटर. मे २०२१ मधले तौक्ते वादळ ज्यांनी मुंबईत अनुभवले त्यांना हे पटेल. कपडे वाळत घालायची दांडी काचेला किंवा तिच्या पाइपला बांधू नये, ती छतालाच लावावी.

काच स्वच्छ कोण ठेवणार, हा प्रश्न विकत घेण्यापूर्वी विचारावा. आतली बाजू कोणीही पुसेल. बाहेरची? मी लोकांच्या घरी पाहिले आहे, कामवाली बाई स्टुलावर चढून कमरेपर्यंत बाहेर वाकून फडके फिरवते आणि मालकीण आतून ‘तो डाग राहिला’ म्हणून दाखवते. ती बाई बहुधा आपल्याच वस्तीतली असते. आपण काच लावून दुसऱ्याच्या लेकीला आठव्या मजल्यावरून वाकायला लावणार असू, तर ती काच आपल्या घरात नको. आत उभे राहून लांब दांड्याच्या वायपरने पोहोचेल तेवढेच पुसावे, बाकी पावसावर सोडावे. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने पांढरे ठिपके पडतात. ते पाण्यात व्हिनेगर घालून निघतात, तारेच्या घासणीने काच कायमची ओरखडते. फिटरच्या बाबतीतही तेच. कमरेला पट्टा आणि दोर बांधल्याशिवाय त्याला कडेवर उभे राहू देऊ नये. ‘आम्हाला सवय आहे साहेब’ हे उत्तर मान्य करू नये.

व्यवहार कागदावर असावा. कोणी रनिंग फुटाचा भाव सांगतो, कोणी चौरस फुटाचा. दहा रनिंग फूट आणि पस्तीस चौरस फूट हे एकच काम आहे, हे लक्षात घेऊन दोन्ही कोटेशने एकूण रकमेवर आणावीत, मगच ताडून पाहावीत. काचेचा प्रकार, प्रत्येक थराची जाडी, मधला थर, स्टीलचा दर्जा, बोल्टांची संख्या, जीएसटी, हे सगळे कोटेशनमध्ये आणि पुढे बिलात लिहून घ्यावे. सोसायटीच्या कमिटीची लेखी परवानगी आधी घ्यावी. घर बिल्डरकडून नवे घेतले असेल तर २०१६ च्या रेरा कायद्याने ताब्यापासून पाच वर्षे बांधकामातील दोष त्याने दुरुस्त करून द्यायचे असतात. आपणच कठडा फोडला तर त्याला हात झटकायला निमित्त मिळते. आणि यासाठी पतपेढीचे कर्ज काढू नये. सरळ उभ्या गजांचा, गजांत चार इंचांपेक्षा कमी अंतर असलेला, दर दोन-तीन वर्षांनी रंग दिलेला लोखंडी कठडा काही कमी प्रतीचा नाही. स्वस्तातल्या काचेपेक्षा तो केव्हाही बरा.

काम सुरू होताना एक काळजी घ्यावी. टफन काच तयार झाल्यावर कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. म्हणून माप जागेवर घेऊन मगच ती कारखान्यात बनते आणि यायला बरेच दिवस लागतात. जुना कठडा आधी तोडून ठेवला तर तेवढे दिवस गॅलरी उघडी राहते. शक्यतो काच आल्यावरच तोडफोड करावी. आधी तोडणे भागच असेल तर बांबू आणि प्लायवूडचा पक्का आडोसा करून घ्यावा, गॅलरीच्या दाराला कुलूप लावावे आणि किल्ली मोठ्या माणसाच्या खिशात ठेवावी, दाराच्या खिळ्याला अडकवू नये.