वाईच्या लग्नाला जाताना

लग्नपत्रिकेवर 'मुक्काम पोस्ट वाई, जिल्हा सातारा' हा पत्ता वाचला म्हणजे मुंबई-पुण्याकडील पाहुणा पहिला बेत करतो तो असा की, पहाटे निघावे, अक्षता टाकाव्यात, पंगतीला बसावे आणि उजेड असेल तर महाबळेश्वर गाठावे. अंतराच्या दृष्टीने या बेतात काही वावगे नाही, कारण पुण्याहून वाई नव्वद किलोमीटरच्या आतबाहेरच आहे. परंतु ज्या गावाच्या घाट-देवळांचे वैभव बऱ्याच अंशी एका सोयरिकीतून उभे राहिले, त्या गावी लग्नास जाऊन केवळ कार्यालयाच्या चार भिंती पाहून परतावे, हे निदान वऱ्हाडी मंडळींना तरी शोभत नाही.

ती सोयरीक पेशव्यांच्या घरची होती. भिकाजी नाईक रास्ते यांची कन्या गोपिकाबाई ही बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशव्यांना दिली गेली, आणि सावकारी करणारे हे घराणे पुढे मराठी राज्याच्या मातब्बर सरदारांत गणले जाऊ लागले. त्या ऐश्वर्याचा मोठा वाटा रास्त्यांनी कृष्णेच्या काठी दगडात घातला. गोपिकाबाईंचे बंधू आनंदराव यांनी १७५७ मध्ये काशीविश्वेश्वराचे देऊळ बांधले, आणि दुसरे बंधू गणपतराव यांनी १७६२ मध्ये त्याच्या शेजारी, अगदी नदीच्या पात्राला लागून, महागणपतीचे. सुमारे दहा फूट उंचीची, एकाच पाषाणातून काढलेली ही मूर्ती लोकांनी 'ढोल्या गणपती' या लाडक्या नावानेच ओळखावी, यात वाईकरांची देवाशी असलेली सलगी दिसते.

दर्शन झाल्यावर पाहुणे बहुधा पायऱ्यांवर छायाचित्रे काढून निघून जातात. त्यांनी देवळाला वळसा घालून मागची भिंत अवश्य पाहावी. कृष्णेला पूर आला असता लोंढा सरळ भिंतीवर आदळू नये, तो दुभंगून दोहो अंगांनी वाहून जावा, म्हणून बांधणाऱ्याने ती भिंत माशाच्या आकाराची, पुढे निमुळती होत गेलेली अशी रचली आहे. अडीच शतकांहून अधिक काळ पावसाळ्यामागून पावसाळे पाणी तिच्यावर आपटत आले आणि देऊळ जागच्या जागी उभे आहे. त्या काळच्या गवंड्याचे शास्त्र याहून अधिक स्पष्ट करून सांगण्याची गरज नाही.

लग्नांच्या बाबतीत या गावाचे नशीब पूर्वापार थोर दिसते. वाई म्हणजेच महाभारतातील विराटनगरी, अशी स्थानिक परंपरा आहे. जवळचे पांडवगड आणि वैराटगड हे किल्ले त्या कथेतीलच नावे अभिमानाने मिरवतात, आणि ही परंपरा मानायची तर उत्तरा-अभिमन्यूचा विवाहही येथलाच ठरतो. इतिहासाचे अभ्यासक मात्र विराटाचा मत्स्यदेश राजस्थानात शोधतात, आणि त्यांचे म्हणणे आपल्याला मान्य करावे लागते. त्यापेक्षा कागदोपत्री पक्की गोष्ट अशी की, १९३३ साली पुण्यास महात्मा गांधींचे पुत्र देवदास आणि राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह झाला, तेव्हा पौरोहित्य केले ते वाईच्या प्राज्ञपाठशाळेत घडलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी. ज्यांनी धर्मशास्त्राची पोथी पुरती वाचली होती, त्यांनीच तिच्यातून हा मार्ग काढून दिला. पुढे याच तर्कतीर्थांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम वाईत सुरू झाले आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. एवढा मोठा ज्ञानव्यवहार राजधानीत न थाटता एका तालुक्याच्या गावी थाटावा, हा निर्णय त्या काळच्या कारभाऱ्यांना सुचला याचे आज नवल वाटते.

दुपारची पंगत उठल्यावर, मठ्ठ्या-जिलबीची सुस्ती बाजूस सारून, तीनएक किलोमीटरवरील मेणवलीस जावे. नाना फडणविसांचा वाडा आणि त्याच्या मागचा अर्धचंद्राकृती घाट तेथे आहे. 'स्वदेस' चित्रपटात हा घाट दिसल्यापासून तेथे वर्दळ वाढली आहे, आणि गाइड वाड्यापेक्षा नटांच्याच गोष्टी अधिक रंगवून सांगतो, ते मनावर घेऊ नये. घाटावरील छोट्या घुमटीत टांगलेली प्रचंड घंटा मात्र जवळ जाऊन पाहावी. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगिजांकडून जी लूट आली तिच्यातील ही घंटा. तिच्या अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरी आजही नीट ओळखू येते, आणि तशीच ती शिवालयाच्या शेजारी स्वस्थ लोंबत आहे. आणखी वेळ असल्यास धोमच्या नृसिंहाचे देऊळ आणि पाण्याच्या कुंडातील कासवावर बसलेला नंदी पाहून यावे.

आता व्यवहाराचे. पुणे-बंगळूर महामार्गावर खंबाटकीचा घाट ओलांडला की सुरूर फाट्यास उजवीकडे वळावे. स्वारगेटहून एस. टी. मिळते. रेल्वेने येणाऱ्यास वाठार स्टेशन जवळचे खरे, पण सामानसुमान आणि मुलेबाळे घेऊन तेथून पुढची तजवीज करण्यापेक्षा पुण्यास उतरून मोटारीने येणे सोयीचे. पुण्याकडून महाबळेश्वरला जाणारी बहुतेक वाहतूक वाईवरून जाते, म्हणून शनिवार-रविवारच्या मुहूर्तास निदान तासाभराची सवड धरावी. गावातील आळ्या अरुंद असल्याने गाडी कार्यालयापाशीच ठेवून घाटाकडे पायी जाणे बरे. जानवसघरात जागा अपुरी पडल्यास पसरणीचा घाट चढून बारा-तेरा किलोमीटरवरील पाचगणीत मुक्काम करता येतो. शाहीर साबळ्यांचे जन्मगाव पसरणी ते हेच. मात्र मार्गशीर्षात वर कडाक्याची थंडी असते, तेव्हा भरजरी शालूंबरोबर ट्रंकेत एखादी शालही असू द्यावी.

लग्न माघ-फाल्गुनातले असेल तर पाहुण्याचे भाग्य विशेष, कारण त्या सुमारास कृष्णाबाईचा उत्सव एका घाटावरून दुसऱ्या घाटावर सरकत असतो. अफझलखानाच्या स्वारीचे संकट टळावे म्हणून केलेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, असे परंपरा सांगते. ज्या आळीची पाळी असेल तिच्या घाटावर मांडव पडतो, देवीची मूर्ती वाजतगाजत येते, आणि आळीतील माणसे स्वतः वाढायला उभी राहून पंगती उठवतात. त्यात परक्यालाही बसवून घेतले जाते. रंगपंचमीस मात्र वाईजवळच्या बावधनचे बगाड, म्हणजे नवसाच्या बैलगाड्याची मिरवणूक, असते. हजारो माणसे बैलांमागे रस्त्यावर उतरतात, तेव्हा त्या तिथीच्या आसपासचे लग्न असल्यास रस्त्याची चौकशी यजमानांकडे आधीच करून ठेवावी, आणि शक्यतो आदल्या दिवशी संध्याकाळीच वाईत दाखल व्हावे.